मंजुरीची मुदत आणि घराचा मुहूर्त

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, ही म्हण ज्या काळीं पडली त्या काळीं घर बांधविणारा आणि घरांत राहणारा हे दोघे एकच असत. माती कोठून आणावयाची, सागवानी वासे कोणाकडून घ्यावयाचे, गवंड्याचा हिशेब कोणत्या दिवशीं चुकता करावयाचा, हें सर्व घरधन्यास ठाऊक असे. आणि काम रखडलें तर तें त्याच्या डोळ्यांदेखत व बहुधा त्याच्याच अडचणीमुळें रखडे. पैसे कमी पडले तर माडी पुढच्या सालावर टाकावी आणि खालच्या सोप्यांत चूल मांडावी, असा तो सुटसुटीत व्यवहार होता. जुन्नरच्या पेठेंतील एखाद्या जुन्या वाड्यांत गेलें असतां पुढचा सोपा एका पिढीचा व मागचें माजघर दुसऱ्या पिढीचें, असें आजहि ओळखूं येतें. त्या दिरंगाईची कोणास लाज वाटत नसे, कारण तिच्यावर व्याज चढत नसे.

आतां मध्यम स्थितींतील कुटुंब घर बांधीत नाहीं, विकत घेतें. आणि तेंहि बांधून उभें असलेलें नव्हे, तर पुढें बांधलें जाईल असें सांगितलेलें. अशा व्यवहारांत तीन पक्ष असतात. बांधणारा बिल्डर एक, कर्ज देणारी बँक दुसरी आणि घर घेणारा गृहस्थ तिसरा. ह्यांपैकीं बँकेची मुदत कागदावर छापलेली असते. बिल्डरची मुदत छापलेली असली तरी ती वाढूं शकते. आणि घर घेणाराची मुदत म्हणजे त्याचें वय, त्याची नोकरी व मुलांच्या शाळा, ही कोणत्याच कागदावर नसते. बँकेची मुदत संपली आणि घर मात्र झालें नाहीं, म्हणजे काय होतें, ह्याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाहीं. पैशाचे व्यवहार पुरुषांनीं पहावे व इतरांनीं त्यांवर विश्वास ठेवावा, अशी आपली जुनी रीत. परंतु ह्या बाबतींतील चूक साऱ्या कुटुंबास भोंवते, म्हणून ती साऱ्या कुटुंबानें समजून घेतलेली बरी.

बँक कर्ज मंजूर करते तेव्हां मंजुरीचें पत्र देते. तें हातीं आलें कीं घरांत पेढे वांटले जातात. वस्तुतः तें पत्र म्हणजे पैसे नव्हेत. अमुक अटी पुऱ्या झाल्या तर अमुक रक्कम देऊं, असें तें मुदतीचें वचन आहे. ही मुदत सामान्यतः तीन ते सहा महिन्यांची असते. तेवढ्या अवधींत कराराची नोंदणी होऊन निदान पहिला हप्ता उचलला गेला नाहीं, तर पत्र रद्द समजलें जातें व पुन्हां अर्ज करावा लागतो. पुन्हां पगाराचे कागद, पुन्हां मिळकतीच्या हक्काची तपासणी, पुन्हां शुल्क. पत्रांत व्याजाचा जो दर लिहिलेला असतो तोहि बहुधा बदलता असतो; पैसे उचलतांना जो दर चालू असेल तो लागू, असें खालीं बारीक अक्षरांत असतें. ते बारीक अक्षर वाचावयास चष्मा लागतो खरा, पण वाचावें.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतों. तिघे भाऊ जुन्नरास एकत्र राहणारे. मधल्याचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस. रोज जाणें-येणें होईना म्हणून मोशीच्या बाजूस सव्वीस लाखांचा फ्लॅट घ्यावयाचें ठरलें. वीस लाख बँकेचे व सहा लाख घरचे. घरचे म्हणजे कोणाचे, हें सांगावयास नकोच. थोरल्या भावाच्या ठेवींतले कांहीं, आणि थोरल्या वहिनींच्या पाटल्या. १० टक्के, म्हणजे दोन लाख साठ हजार रुपये, २०२२ च्या आरंभीं भरून नांव नोंदविलें व त्याच महिन्यांत बँकेचें मंजुरीपत्रहि आलें. मुदत सहा महिन्यांची. पुढें बिल्डरनें नकाशांत फेरफार मागितला, त्याची परवानगी येईना, ती येईपर्यंत कराराची नोंदणी नको, असें तो म्हणूं लागला. आणि नोंदलेल्या करारावांचून बँक पैसे देईना. पावसाळा लागला. आषाढांत मुलाचे वडील बँकेंत चौकशीस गेले, तेव्हां तेथील तरुण अधिकाऱ्यानें अत्यंत अदबीनें सांगितलें, "काका, तुमच्या पत्राची मुदत संपली. आतां नव्यानें अर्ज करावा लागेल."

मधल्या काळांत व्याजाचे दर बदलले होते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून ४ टक्क्यांवर स्थिर होता. तो ४ मे २०२२ रोजीं वाढविण्यास सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनीं द्यावयाचीं बदलत्या दराचीं नवीं गृहकर्जें अशा बाह्य दराशीं जोडलेलीं असावयाचीं, असा नियम झाला असल्यामुळें ही वाढ कर्जदारांपर्यंत येण्यास वेळ लागला नाहीं. ह्या कुटुंबाची नोंदणी २०२३ च्या मध्यास झाली; जुनें पत्र ७ टक्क्यांचें होतें, नवें ९ टक्क्यांचें आलें.

येथें थोडें गणित केलें पाहिजे. माझी सवय वाचकांनीं सोसावी. वीस लाख रुपये, वीस वर्षें, ७ टक्के, ह्यांचा मासिक हप्ता १५,५०६ रुपये येतो. हाच हप्ता कायम ठेवून दर ९ टक्के केला, तर बँक देऊं शकेल ती रक्कम होते सुमारें १७ लाख २३ हजार. हप्ता वाढवावा म्हटलें तर वीस लाखांस १७,९९५ रुपये पडतात. परंतु पगाराच्या ठराविक प्रमाणाबाहेर हप्ता बँक मान्य करीत नाहीं. तेव्हां दोन टक्क्यांच्या वाढीनें केवळ हप्ता वाढतो असें नव्हे, कर्जच आटतें. ह्या कुटुंबास पावणेतीन लाखांची तूट आली ती अशी. आणि वयहि थांबत नाहीं. निवृत्तीस वीस वर्षें उरलीं असतां अर्ज करणाऱ्या गृहस्थाचीं पांच वर्षें दिरंगाईंत गेलीं, तर त्यास पंधरा वर्षांच्याच मुदतीचें कर्ज मिळावयाचें. ९ टक्के दरानें त्याच हप्त्यांत तेव्हां १५ लाख २९ हजारांच्या वर कांहीं येत नाहीं.

अशा वेळीं घर सोडून द्यावें, तर भरलेल्या रकमेंतून कपात होते. महारेरानें २०२२ सालीं वाटपपत्राचा जो नमुना घालून दिला, त्यांत पंधरा दिवसांच्या आंत रद्द केल्यास कांहीं कापावयाचें नाहीं, आणि एकसष्टाव्या दिवसापासून पुढें किंमतीच्या २ टक्के कापतां येतात, अशी पायरी आहे. सव्वीस लाखांचे २ टक्के म्हणजे बावन्न हजार. घरांत दोन दिवस वाद झाला. धाकट्या भावानें मुलीच्या शिक्षणाकरितां ठेवलेली रक्कम पुढें केली, तेव्हां घर राहिलें. ती मुलगी त्या बैठकीस नव्हती. तिला कोणी विचारलेंहि नाहीं. एकत्र कुटुंबाचें बळ तें हें, असें कोणी म्हणेल. मला मात्र त्या मुलीस विचारावयास पाहिजे होतें असें वाटतें.

पहिला हप्ता उचलला म्हणजे धोका टळला, असेंहि नाहीं. बांधकाम चालू असेपर्यंत बँक टप्प्याटप्प्यानें पैसे देते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांतील नमुना-कराराप्रमाणें करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतें पुरें झाल्यावर ४५ पर्यंत, सर्व स्लॅब झाल्यावर ७० पर्यंत, असे टप्पे असून अखेरची बाकी ताब्याच्या वेळीं द्यावयाची असते. जेवढी रक्कम दिली तेवढीवर व्याज लगेच सुरू होतें. मुद्दल मात्र हलत नाहीं. बारा लाख उचलले असून काम थांबलें, तर ९ टक्क्यांनीं दरमहा नऊ हजार रुपये नुसत्या व्याजाचे, आणि शिवाय चालू घराचें भाडें. पुष्कळ तरुण जोडपीं हीं दोन्ही ओझीं वर्षानुवर्षें वाहात आहेत.

आणखी दोन मुदती आहेत, ज्या बँकेच्या पत्रांत नसतात. १९६१ च्या आयकर कायद्यानें गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत जी वजावट दिली, ती मिळण्यास कर्ज ज्या आर्थिक वर्षांत घेतलें त्याच्या अखेरीपासून पांच वर्षांत घर पुरें झालें पाहिजे, अशी अट होती. २०१६ च्या अर्थसंकल्पापूर्वीं ती तीन वर्षांची होती. घर उशिरा झालें तर वजावट दोन लाखांवरून तीस हजारांवर येई. दुसरी मुदत पंतप्रधान आवास योजनेची. २०१५ त सुरू झालेल्या ह्या योजनेंत व्याजाचें अनुदान एकदम कर्जखात्यांत जमा होत असे. अटींत मात्र पहिला हप्ता दिल्यापासून छत्तीस महिन्यांत बांधकाम पुरें व्हावें असें होतें, आणि तें न झाल्यास अनुदान परत घेतां येत असे. मध्यम उत्पन्नवर्गासाठीं ही सवलत ३१ मार्च २०२१ रोजीं व त्याखालच्या वर्गांसाठीं ३१ मार्च २०२२ रोजीं संपली. दोष बांधणाराचा आणि दंड राहाणारास, असा हा न्याय आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं गहाणाचा, म्हणजे आधीचा, पुष्कळ खोल विचार केला आहे. गोप्य आणि भोग्य, मुदतीचा आणि बिनमुदतीचा, असे त्याचे प्रकार मिताक्षरेंत सांगितले आहेत. आणि आधि सावकाराच्या ताब्यांत गेल्यावांचून पुरा होत नाहीं, असें याज्ञवल्क्याचें मत आहे. ह्या सर्व विवेचनांत एक गोष्ट गृहीत आहे ती ही, कीं गहाण ठेवावयाची वस्तु अस्तित्वांत आहे. जन्मास न आलेलें घर गहाण ठेवावें आणि त्यावर व्याज भरीत बसावें, ही कल्पना त्यांस सुचली नाहीं. व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा नियमहि त्यांचाच; इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांतील हिंदु ऋणकोंस त्याचा आधार होता. आमच्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या निधींचा उल्लेख आहे. आणि नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवून, दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारावर पाऊण, असा दर दगडांत कोरविला आहे. मूळ रक्कम परत मागावयाची नाहीं, व्याज तेवढें घ्यावयाचें. दगडावरील त्या दरास मुदत नव्हती. अर्थात् ते विणकर पुढें कोठें गेले, हा प्रश्न निराळा.

जवळच्या काळाकडे यावें, तर मुंबईस गांवदेवीला १९१५ सालीं तालमकी ह्यांच्या पुढाकारानें सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था निघाली. तींत राहणारेच सभासद आणि सभासदच मालक, त्यामुळें काम रखडलें तर जाब विचारावयाचा तो आपल्याच समितीस. पुढें १९७७ त ह. ठा. पारेख ह्यांनीं मुंबईस गृहकर्जाकरितां स्वतंत्र संस्था काढली, आणि पगारदार मनुष्यास तारुण्यांतच घर घेण्याचा मार्ग मोकळा झाला. हा लाभ लहान नाहीं. आमच्या पिढीनें निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांत जें घर घेतलें, तें पुढच्या पिढीस तिसाव्या वर्षीं मिळूं लागलें. मात्र तेव्हांपासून घराचा भरंवसा तीन ठिकाणीं वांटला गेला.

कायद्यानें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. महाराष्ट्रांत १९६३ सालींच फ्लॅटच्या मालकीविषयीं कायदा झाला. ठरल्या तारखेस ताबा न दिल्यास दरसाल ९ टक्के सरळ व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क त्यांत होता. २०१६ चा रेरा कायदा त्याच्या बराच पुढें गेला. करार नोंदविण्यापूर्वीं १० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं ७० टक्के निराळ्या खात्यांत ठेवून त्याच जमिनीवर व बांधकामावर खर्चावयाचे. आणि ताबा लांबला तर ग्राहकानें व्याजासह पैसे परत घ्यावे, किंवा घर धरून ठेवून लांबलेल्या प्रत्येक महिन्याचें व्याज घ्यावें. हें व्याज महाराष्ट्रांत स्टेट बँकेच्या ठराविक दरावर आणखी २ टक्के इतकें आहे. १ मे २०१७ पासून महारेराचें काम सुरू झालें. त्याच वर्षीं ६ डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरवितांना असेंहि सांगितलें, कीं विलंब मोजावयाचा तो मूळ करारांतील तारखेपासून, नोंदणी करतांना बिल्डरनें दिलेल्या नव्या तारखेपासून नव्हे. करारांत तारीखच नसेल तर काय, हा प्रश्न मुंबईच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां २०१८ सालीं न्यायालयानें तीन वर्षें हा वाजवी काळ मानला. २०१९ च्या एका निकालांत तर असा करार उजेडांत आला, कीं ग्राहकानें हप्ता चुकविला तर त्यास १८ टक्के व्याज, आणि बिल्डरनें घर चुकविलें तर त्यास ९! न्यायालयानें तो एकतर्फी ठरविला. अशा करारांवर आपण सह्या करीत आलों आहों.

तरीपण ह्या सर्वांत मंजुरीपत्र संपल्याची भरपाई कोठें आहे, म्हणून शोधूं गेल्यास ती स्वतंत्रपणें आढळत नाहीं. विलंबाचें व्याज मिळतें, पण वाढलेल्या दराचा फरक वेगळा मिळत नाहीं. जून २०२५ त पंजाबांतील एका गृहयोजनेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, पैसे व्याजासह परत करण्याचा हुकूम झाल्यावर ग्राहकानें काढलेल्या कर्जाचें व्याजहि बांधणारानें आणखी द्यावें, असें म्हणतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. कर्ज कसें काढावें हा ग्राहकाचा प्रश्न, असा त्याचा आशय. करोनाच्या साथींत तर हें असमान तराजू स्पष्ट दिसलें. २०२० त महारेरानें प्रकल्पांची मुदत सहा महिन्यांनीं वाढविली आणि २०२१ त पुन्हां सहा महिन्यांनीं; त्या संकटांत तसें करणें भागच होतें. कर्जदारांस मार्च ते ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते थांबविण्याची सवलत मिळाली, पण व्याज थांबलें नाहीं.

ताब्यापर्यंत हप्ता बिल्डर भरील, तुम्हीं फक्त सही करा, अशाहि योजना मध्यंतरीं पुष्कळ निघाल्या. सप्टेंबर २०१३ त रिझर्व्ह बँकेनें, पैसे बांधकामाच्या प्रगतीप्रमाणेंच द्यावे, आधीं देऊं नयेत, असें बँकांस बजाविलें. आणि जुलै २०१९ त राष्ट्रीय आवास बँकेनें गृहवित्त संस्थांस अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितलें. कारण उघड आहे. बिल्डरनें हप्ता भरणें बंद केलें, कीं बँक दार ठोठावते तें सही करणाराचें. फुकटचा हप्ता हा शब्द जेथें ऐकूं येईल तेथून उठावें.

आतां आमच्या भागाविषयीं. जुन्नर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव येथें होणाऱ्या इमारती पुष्कळदां लहान असतात, आणि रेराच्या नोंदणींतून पांचशें चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठापर्यंत घरें असलेल्या योजना वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्या ठिकाणीं बिल्डर ओळखीचा, किंबहुना नात्यांतला, तेथेंच नोंदणीचें संरक्षण नाहीं. ओळखीच्या माणसाकडून तारीख लिहून घेण्याचा आपल्यास संकोच वाटतो. तो सोडला पाहिजे. जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत उठवितांना तर दिरंगाईचें बीज बहुधा आपल्याच घरांत असतें. चार भावांच्या सह्या झाल्या, पण लग्न होऊन गेलेल्या बहिणींचें नांव कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ऑगस्ट २०२० त सर्वोच्च न्यायालयानें, त्या दुरुस्तीच्या वेळीं वडील हयात नसले तरी तो हक्क आहे, असें स्पष्ट केलें. बँकेचा वकील कागद पाहतो तेव्हां हेंच प्रथम विचारतो. मग हक्कसोडपत्राकरितां बहिणीस बोलावणें जातें, ती रास्तपणें आपला वांटा विचारते, आणि इकडे वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्या परक्या मनुष्याच्या मंजुरीचे महिने उलटत राहतात. बहिणीशीं बोलणें वाडा पाडण्यापूर्वीं व्हावें, आणि तें तिचा वांटा देण्याच्या तयारीनें व्हावें.

घर घेणारानें काय करावें? नकाशाची मंजुरी आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज बँकेकडे अंतिम अर्ज करूं नये. किती कर्ज मिळेल एवढा अंदाज आधीं घेतां येतो, आणि तेवढ्यानें काम भागतें. नोंदणी असलेल्या योजनेची ठरलेली तारीख व ती पूर्वीं किती वेळां वाढली हें महारेराच्या संकेतस्थळावर पहावें. पत्राची शेवटची तारीख भिंतीवरील कालनिर्णयावर लाल शाईनें लिहावी व तिच्या महिनाभर आधीं मुदतवाढीचा लेखी अर्ज द्यावा. तोंडी "होईल हो" ह्यास अर्थ नाहीं. बिल्डरच्या विलंबामुळें कर्जाची मंजुरी गेली तर कपातीशिवाय पैसे परत, एवढें एक वाक्य वाटपपत्रांत घालण्याचा आग्रह धरावा. आणि पाटल्या मोडावयाच्या असतील तर त्या करार नोंदविण्याच्या आठवड्यांत मोडाव्या, नांव नोंदविण्याच्या दिवशीं नव्हे.

वर सांगितलेल्या कुटुंबास ताबा २०२५ च्या पाडव्यास मिळावयाचा होता, तो दसऱ्यास मिळाला. लांबलेल्या महिन्यांचें व्याज मागण्याचा अर्ज मुलानें तयार केला आहे. थोरले भाऊ म्हणतात, घर मिळालें, आतां भांडण कशास. थोरल्या वहिनींचें म्हणणें असें, कीं अर्ज करावा आणि जें येईल तें पुतणीच्या नांवें ठेवावें.